अकराव्या महिन्याचा खाडा

बाई,

मी सातवी ‘ब’मधली, खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावरची. एवढ्यावरून तुम्हाला आठवणार नाही, तुमच्या हाताखालून पोरींच्या कितीतरी तुकड्या गेल्या. पण लालबागच्या चाळीत तुम्ही ज्यांच्याकडे भाड्यानं राहायचात त्यांची मुलगी म्हटलं की लगेच ओळखाल, आणि ओळखल्यावर काय कराल ते मला सांगता येत नाही. आता माझी साठी उलटली. नोकरीतून रिटायर झाले, दादरला राहते, नवरा जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा पुण्याला. तुम्हाला जाऊन तर त्याहून कितीतरी वर्षं झाली. मला ते दोन वर्षांनी कळलं, तेसुद्धा दादरच्या फुलबाजारात शेवंतीचा भाव करताना आपल्याच वर्गातली एक भेटली तिच्याकडून. शेवटी तुम्ही बदलापूरच्याही पुढे कुठे तरी राहत होता म्हणाली, भाड्याच्याच जागेत. मी ‘अरेरे’ म्हटलं आणि पाव किलो शेवंती घेऊन घरी आले. रडू वगैरे काही आलं नाही, खोटं कशाला सांगू.

आता मात्र गेले तीन आठवडे तुम्ही माझ्या घरात आहात. दुपारी मी भांडी घासत असते आणि बाहेरच्या खोलीत कुणीतरी शिंकतं. लागोपाठ तीनदा, आणि तिसऱ्या शिंकेनंतर हलकेच ‘आई गं’. मी नळ बंद करून बघायला जाते, कुणी नसतं. शेजारीपाजारी माणसं शिंकत नाहीत का, शिंकतात. पण ती शिंक मला माहीत आहे. परवा बँकेत पासबुक भरायच्या रांगेत पुढे एक बाई उभी होती, मानेवर घट्ट अंबाडा, खांद्याला खाकी कापडी पिशवी, आणि मी रांगेतून बाजूला सरकले. ती वळली तर दुसरीच कुणी निघाली. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. आमच्या कोकणातली माणसं ठेवतात, माझी आई ठेवायची, अमावास्येला नारळ ओवाळून टाकायची. मी आपली बीपीची गोळी घेऊन झोपणारी. पण तुम्ही का आला आहात ते मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर ही वही घेऊन बसले.

पहिल्यापासून सांगते, म्हणजे माझ्या बाजूनं. तुमची बाजू तुम्ही कधी कुणाला सांगितलीत की नाही, देव जाणे. चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या, शेजारी शेजारी. एक आमची, एक काकाची. काका गिरणी सोडून गावाला गेला तो गेलाच, खोलीची भाडेपावती मात्र त्याच्या नावावर आणि चावी बाबांच्या कमरेला. ती खोली बाबांनी तुम्हाला भाड्यानं दिली. चाळीच्या मालकाला हे चालणारं नव्हतं, म्हणून त्याचा मेहता महिन्याचं भाडं घ्यायला आला की तुम्ही आमची आत्या व्हायचात. तुम्ही वेंगुर्ल्याच्या, आम्ही मालवणकडचे, बोलण्याचा हेल जुळून जायचा. मेहता विचारायचा, ‘काय आत्याबाई, बरं आहे ना?’ आणि तुम्ही डोक्यावर पदर घेऊन मान हलवायचात. शाळेत बाई आणि चाळीत आत्या, मला त्याची भारी गंमत वाटायची. तुम्हाला काय वाटायचं ते विचारायचं मला कधी सुचलं नाही.

बाबांना दोन धास्त्या होत्या. एक मालकाची आणि दुसरी तुमची. चाळीत एक गृहस्थ वकिलाकडे कारकून होते, त्यांनी बाबांच्या डोक्यात भरवून दिलं होतं की असा ठेवलेला माणूस सलग राहिला की पुढे खोलीवर हक्क सांगतो, मग बसा कोर्टात चपला झिजवत. उपायही त्यांनीच सांगितला. कागद अकरा महिन्यांचा करायचा. अकरावा महिना संपला की एक दिवस खोली पूर्ण रिकामी करून आपलं कुलूप लावायचं, आणि दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्यायच्या की होय, खोली रिकामी पाहिली. दुसऱ्या दिवशी नवा कागद. त्या दोन सह्यांना कोर्टात कितपत किंमत होती कोण जाणे, पण बाबांना त्या कागदाचा केवढा आधार. गिरणीत गैरहजेरीला खाडा म्हणतात, बाबांनी यालाही तेच नाव दिलं. घरात महिना महिना आधी बोलणं चालायचं, बाईंचो खाडो जवळ इलो, चुनो आणूक होयो.

तुमचा खाडा म्हणजे माझा सण. सकाळीच तुम्ही ट्रंक, स्टोव्ह, वळकटी आणि पुस्तकांचं खोकं आमच्या खोलीत आणून ठेवायचात, आणि पिशवीत एक पातळ टाकून एका दिवसापुरत्या शीवला मैत्रिणीकडे जायचात. मग ती रिकामी खोली आम्हा पोरींची. आत आवाज घुमायचा म्हणून उगाच ओरडून बघायचो, फरशीवर सागरगोटे खेळायचो, बाबा चुना मारायला घेईपर्यंत धुमाकूळ. भिंतीवर एकसुद्धा खिळा नसायचा. कॅलेंडरही तुम्ही खिडकीच्या गजाला दोऱ्यानं बांधायचात. मी एकदा विचारलं होतं, बाई, खिळा का नाही मारत? तुम्ही म्हणालात, ‘काढताना पोपडा निघतो गं, मग तुझे बाबा रागावतील.’ मी ते खरं धरून चालले. चार वर्षं तुम्ही तिथे पाय आखडून राहिलात हे कळायला मला स्वतःची जागा दुसऱ्याला भाड्यानं द्यावी लागली.

चौथ्या वर्षी भाड्याचा विषय निघाला तो आमच्या स्वयंपाकघरात. स्वयंपाकघर म्हणजे काय, खोलीतच पडदा लावून केलेला कोपरा. रविवार आहे, आई घावणे घालतेय, तुम्ही पाटावर बसला आहात आणि मी नारळाचं दूध वाढतेय. बाबा उंबऱ्यात उभे राहून बनियनचं टोक पिळतायत. म्हणाले, ‘बाईंनू, भाडा वाढवूचा लागतला.’ तुम्ही विचारलंत, किती. त्यांनी आकडा सांगितला तेव्हा तुमच्या हातातला घास ताटात परत गेला. तो आकडा म्हणजे जवळपास दुप्पट होता. तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘एवढं मला झेपणार नाही. थोडं वाढवते. आणि वाढवायचं असेल किंवा मला जायला सांगायचं असेल, तर दोन महिने आधी सांगत जा हो. मला एकटीला जागा शोधायची म्हणजे दहा घरं पालथी घालावी लागतात. एकटी बाई म्हटलं की लोक दार अर्धंच उघडतात.’ बाबा हसून म्हणाले, ‘सांगतलंय, सांगतलंय.’ आईनं तुमच्या ताटात आणखी एक घावणा टाकला आणि तुम्ही तो खाल्लात.

सांगतलंय म्हणजे सांगेन. ते काही सांगितलं नाही. मधल्या काळात गल्लीच्या तोंडाशी मसाल्याचं दुकान असलेला एक व्यापारी बाबांना भेटला. त्याला सुक्या मिरचीची पोती ठेवायला जागा हवी होती आणि बाबांनी मागितलं तेवढं भाडं द्यायला तो तयार होता. बाबांना ते भाड्यापेक्षाही दुसऱ्याच गोष्टीसाठी पटलं. आईला म्हणाले, ‘मिरची काय कोर्टात जाणा नाय.’ पण तुम्ही ऐकून सोडाल का, अडून बसलात तर, ही धास्ती होतीच. म्हणून त्यांनी ठरवलं की तुमचा खाडा येऊ द्यायचा. तुम्ही आपणहून खोली रिकामी करून द्याल, कुलूप आपलं लागेल, सह्या होतील, आणि मग ते कुलूप तुमच्यासाठी उघडायचंच नाही. आदल्या संध्याकाळी मला गॅलरीत बोलावून सांगितलं, ‘चेडवा, बाईंका काय एक सांगू नको हां. सांगलंस तर खोली गेली समज.’ मी तेरा वर्षांची होते. तेराव्या वर्षी काय कळत असतं, असं मी पुढे स्वतःला पुष्कळ वेळा विचारून पाहिलं. सगळं कळत असतं. मला अगदी स्वच्छ कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी तुमचं सामान आमच्याकडे आलं तसं आईनं तुम्हाला डबा दिला, तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं आणि तांदळाची भाकरी. कधी द्यायची नाही. तुम्ही विचारलंत, ‘आज काय विशेष?’ आई स्टोव्हला पिन करत होती, तिनं मान वर केली नाही. ‘असाच,’ म्हणाली. तुमची पिशवी घेऊन मी तुम्हाला बसस्टॉपपर्यंत सोडायला आले. एरवी माझं तोंड सुटलेलं असायचं, त्या दिवशी मी खाली बघत चालले होते. स्टॉपवर तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात. ‘काय गं, आज गप्पशी? काही सांगायचंय का?’ मी म्हटलं, ‘नाही, बाई.’ शीवची बस आली. तुम्ही चढला नाहीत. म्हणालात, ‘जाऊ दे, मागून दुसरी येतेय, तिला गर्दी कमी असेल.’ मग आपण दोघी तशाच उभ्या राहिलो, पंधरा-वीस मिनिटं तरी असतील. तुम्ही मला पुन्हा काही विचारलं नाहीत, मीही काही बोलले नाही. दुसरी बस आली, तुम्ही गेलात. आधीची बस काही भरलेली नव्हती.

पुढच्या संध्याकाळी तुम्ही आलात ते मला आजही जसंच्या तसं दिसतं. बाबा मुद्दाम सेकंड शिफ्टला गेलेत. चाळीत दिवसाउजेडी कुणी दार लावत नाही, पण आईनं आमचं दार आतून लावून घेतलंय. गॅलरीत तुमची ट्रंक, स्टोव्ह, खोकं ओळीनं मांडलंय आणि त्याच्याशेजारी मी उभी. तुम्ही जिना चढून येता, सामानाकडे बघता, मग कुलपाकडे. पोती सकाळीच आत गेली होती, दाराच्या फटीतून मिरचीचा तिखट खाट बाहेर येतोय. तुम्हाला शिंका येतात, एक, दोन, तीन. ‘आई गं,’ म्हणून तुम्ही पदरानं नाक पुसता. ‘बाबा?’ मी म्हणते, ‘सेकंड शिफ्ट.’ ‘आणि आई?’ मी आमच्या बंद दाराकडे बघते. मग तुम्ही प्यायला पाणी मागितलंत. त्यासाठी मला माझ्याच घराचं दार वाजवावं लागलं, आईनं तांब्या बाहेर येईल एवढंच उघडलं.

आमच्या चाळीत पाण्याच्या एका बादलीवरून माणसं आख्खा मजला डोक्यावर घ्यायची. तुम्ही आवाजसुद्धा चढवला नाहीत. खाली जाऊन हातगाडीवाला आणलात आणि सामान उतरवायला लागलात. ज्या दोघांनी सह्या केल्या होत्या ते आपापल्या दारात उभे होते, त्यातल्या एकानं पुस्तकांच्या खोक्याला हात लावला, तेवढंच. आता मला कळतं, तुम्ही भांडणार तरी कशाच्या जोरावर. नोटीस नाही, पावती नाही, आणि जिला मेहता आत्या म्हणून ओळखतो ती तक्रार कुणाकडे करणार? बाबांनी तुम्हाला पाहुणी करून ठेवलं होतं. हातगाडी परळच्या दिशेनं वळेपर्यंत मी कठड्याला धरून बघत राहिले. तुम्ही वर पाहिलं नाहीत. मग मी आत जाऊन जेवले.

आणि सोमवारी तुम्ही वर्गावर होतात. मला वाटलं होतं तुम्ही येणारच नाही, बदली मागाल, निदान मला उठवून बाहेर काढाल. तुम्ही हजेरी घेतलीत, माझं नाव इतरांसारखंच घेतलंत, मी ‘हजर’ म्हटलं. मार्चपर्यंत तसंच चाललं. फक्त एकदा, इतिहासाच्या तासाला मी शेजारणीशी कुजबुजत होते, तेव्हा तुम्ही फळ्याकडे तोंड करूनच म्हणालात, ‘तुला गप्प राहायला चांगलं येतं. ते कर.’ वर्गाला त्यात काही वेगळं वाटलं नाही. माझे कान इतके तापले की मधल्या सुट्टीत मी नळाखाली डोकं धरलं. बाबांनी मला उभ्या आयुष्यात दोन-चारदा बडवलं असेल, त्यातलं एकही आठवत नाही. तुमचं ते वाक्य आठवतं.

तुमच्या खोलीत मिरच्या आठ वर्षं राहिल्या. भिंतीच्या पलीकडून खाट यायचा, उन्हाळ्यात तर डोळे उघडवत नसत. आईला खोकला लागला तो शेवटपर्यंत. तुमचं नाव तिनं घरात कधी काढलं नाही. ढास लागली की मात्र त्या भिंतीकडे पाठ करून बसायची. बाबा म्हणायचे औषध घे, ती म्हणायची ह्या औषधान जाणारा न्हय. मग व्यापाऱ्यानं मोठं गोडाऊन घेतलं, काकाची पावती खटपट करून बाबांच्या नावावर झाली, बाबांच्या मागे आमची खोली भावाला गेली आणि ती खोली माझ्या वाट्याला आली. चाळ पडली, टॉवर उभा राहिला. त्या खोलीच्या पावतीवर आज माझा अठराव्या मजल्यावर फ्लॅट आहे, बाई. बेडरूम, हॉल, किचन, गॅलरीतून शिवडीची खाडी दिसते. एका दिवसाचा खाडा मधे नसता तर तो कुणाचा असता याचा हिशेब मी कधी पुरा केला नाही. अर्ध्यात आला की टीव्ही लावते.

फ्लॅट मी भाड्यानं दिला. परळच्या एका हॉस्पिटलात लॅबमध्ये काम करणारी मुलगी आहे, नवरा बंदरावर ट्रेलर चालवतो, सोबत सासू. तीन वर्षं होत आली. आता खाडा लागत नाही, कायदा बदलला. सगळं रजिस्टर होतं, एजंट घरी मशीन घेऊन येतो, अंगठा लावायचा, फोटो काढायचा, पोलिसांत कळवायचं. अकरा महिने मात्र अजून तेच. पहिल्या ॲग्रीमेंटच्या वेळी मी ब्रोकरला म्हटलं, यात एक कलम माझं घाल. मुदत संपल्यावर पुढे द्यायचं नसेल किंवा भाडं नेहमीपेक्षा जास्त वाढवायचं असेल, तर मालकानं दोन महिने आधी कळवायचं. ब्रोकर हसला. ‘ताई, मालक लोक हे काढायला सांगतात, तुम्ही घालायला सांगताय.’ त्या मुलीनं ते वाचून माझ्याकडे बघितलं, तिला किती बरं वाटलं ते चेहऱ्यावर दिसत होतं. मला वाटलं, चला, बाईंचं थोडं तरी फेडलं. एक ओळ टाइप करून घेतली आणि स्वतःवरच खूश झाले. दोन्ही वेळा वेळेवर बोलले, दहा टक्के वाढ ठरली, तिनं कुरकुर न करता दिली.

या वेळी बोलायची वेळ आली आणि ब्रोकरचा फोन आला. कुठल्या तरी कंपनीतला साहेब आहे, जागा बघतोय, आता मिळतं त्याच्या दीडपट द्यायला तयार आहे. मला गरज होती का? नव्हती. पेन्शन आहे, दादरची जागा स्वतःची, मुलगा मागत नाही. पण आकडा ऐकला आणि कानाला गोड लागला. मी कलमाचा विषय काढला तर ब्रोकर म्हणाला, ‘अहो ताई, मुदत संपली की राहायचं लायसन आपोआप संपलं. नोटीस लागते ती मधेच काढायचं असेल तर. ते कलम तुम्ही हौसेनं घातलंय, त्याच्यावर कोण कोर्टात जातंय?’ त्यानं कोर्टाचं नाव काढलं आणि मला बाबा दिसले, बनियन पिळत. तरीही मी त्या साहेबाचं टोकन घेतलं. मोबाईलवर टिंग वाजलं, झालं. त्या मुलीला उद्या सांगू म्हटलं, मग परवा. दोन महिने आधी सांगायची वेळ टळली, एक महिना उरला, मग दहा दिवस. रोज तिचं नाव उघडून मेसेज लिहायचा आणि पुसायचा. आणि दुपारी बाहेरच्या खोलीत तुम्ही शिंकायचात.

आज सकाळी उठले आणि ठरवलं, फोनवर नाही, तोंडावर सांगायचं. लालबागला गेले, वर गेले. दार तिनंच उघडलं, आज तिची सुट्टी होती. हॉलमध्ये भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यांत भरलेली. सासूबाई खाली बसून कपबश्या गुंडाळत होत्या, मला बघून त्यांनी खुर्ची पुढे केली. मी म्हटलं, ‘अगं, ॲग्रीमेंटचं बोलायचं होतं.’ ती म्हणाली, ‘माहितीये ताई. ब्रोकर दोन जणांना घेऊन आलेला, मी ड्युटीवर होते, आईंनी दार उघडलं. पडद्यांची मापं घेऊन गेले. तीन आठवडे झाले.’

मी म्हटलं, ‘मग मला फोन का नाही केलास?’ ती म्हणाली, ‘मी का करू? सांगायचं तुम्ही होतं ना. मी वाट बघत होते. ह्यांना म्हटलं, ताई सांगतील, त्यांनी दोन महिन्यांचं स्वतः लिहून घेतलंय. सारखी मोबाईल बघायचे. गेल्या आठवड्यात मी तुम्हाला फोन केला, गीझर चालत नाही म्हणून. गीझर चांगला आहे, ताई. म्हटलं, बोलता बोलता तुम्ही तरी विषय काढाल. तुम्ही म्हणालात, माणूस पाठवते.’ आवाजात राग नव्हता. रिपोर्ट वाचून दाखवावा तशी सांगत होती.

बाई, मी त्या खुर्चीत बसून होते आणि मला बसस्टॉप दिसत होता. तुम्ही पहिली बस का सोडलीत? तुम्हाला माहीत होतं का? मसाल्याच्या दुकानदाराकडून, त्या सह्या करणाऱ्यांपैकी कुणाकडून, नाहीतर आईच्या डब्यावरूनच कळलं होतं का? इतकी वर्षं मी असं धरून चालले की तुम्हाला कुलूप बघितल्यावर कळलं, आणि माझा दोष तेवढाच, एका पोरीनं बापाचं ऐकलं. पण तुम्हाला आधीच कळलेलं असेल, तर ती पंधरा-वीस मिनिटं तुम्ही माझ्यासाठी उभ्या होतात. मी सांगितलं असतं तर तुमची खोली वाचली असती असं नाही. पण मी कशी निघते ते तुम्हाला बघायचं होतं. आता हे कुणाला विचारू? विचारायला तुमच्याशिवाय कुणी नाही, आणि तुम्ही नुसत्या शिंकता.

मी त्या मुलीला म्हटलं, ‘तू राहा. मी त्यांना नाही म्हणून सांगते. जुन्याच भाड्यात राहा.’ मनापासून म्हटलं, निदान म्हणताना तरी. तिनं सासूबाईंकडे पाहिलं. मग म्हणाली, ‘नको ताई. शिवडीला जागा बघितली, टोकन दिलं. लहान आहे, पण चालेल. तुमच्यावर राग नाही हो. पण आता इथे राहिले तर दर वेळी मुदत जवळ आली की मोबाईल बघत बसेन. माझ्याच्यानं नाही व्हायचं ते.’ सासूबाई म्हणाल्या, ‘चहा घ्या थोडा.’ मी घेतला. डिपॉझिट पूर्ण देईन म्हटलं. ती म्हणाली, ‘हो, ते द्यालच तुम्ही.’

तुमचा पत्ता असता तर हे पत्र मी इथेच संपवलं असतं, खाली सही केली असती, आणि तुम्ही वाचून म्हणाला असता की पोरीला उशिरा का होईना अक्कल आली. पत्ता नाही, म्हणून पुढचंही लिहिते. ती ‘नको’ म्हणाली त्या क्षणाला मला वाईट वाटलं नाही. मला सुटल्यासारखं झालं. त्या कंपनीतल्या साहेबाला आता नाही म्हणायला नको, टोकन परत करायला नको, ब्रोकरची बोलणी नकोत, आणि कुणी विचारलं तर मी ‘राहा’ म्हटलं होतंच. तीन आठवडे माझ्या तोंडाला चव नव्हती, बाई. लिफ्टनं खाली आले आणि मला सपाटून भूक लागली. नाक्यावर उभी राहून मी दोन वडापाव खाल्ले.